हर्षद की तेलगी : दोन्हींपैकी एकच मालिका पाहायची असेल तर

सोनी लिव्हवरच्या ‘स्कॅम’ नावाच्या दोन्ही मालिका मी शेवटपर्यंत पाहिल्या आहेत, त्यातली हर्षद मेहताची तर दोनदा. तेव्हापासून ओळखीतले लोक एकच प्रश्न विचारतात, की दोन्ही पाहण्याइतकी सवड नाही, तर कोणती पाहावी? दोन्ही दहा-दहा भागांच्या आहेत आणि नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाचे एका मालिकेत दोन-तीन आठवडे सहज जातात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. ‘स्कॅम १९९२’ ही शेअर दलाल हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्यावरची मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये, अर्धा देश घरात बसलेला असताना आली आणि घरोघर पाहिली गेली. अब्दुल करीम तेलगीच्या खोट्या मुद्रांक कागदांच्या (स्टॅम्प पेपरच्या) घोटाळ्यावरची ‘स्कॅम २००३’ मात्र अर्धी सप्टेंबर २०२३ मध्ये आणि उरलेली नोव्हेंबरमध्ये, अशी हप्त्याहप्त्याने आली. पहिलीचे दिग्दर्शन हंसल मेहता यांचे, दुसरीचे तुषार हिरानंदानी यांचे. हर्षद झालेले प्रतीक गांधी आणि तेलगी झालेले गगन देव रियार या दोघांच्या अभिनयाविषयी इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालण्याचे कारण नाही.

आधी माझा पूर्वग्रह सांगून टाकतो. १९९२ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुंबईतल्या रोखे विभागात कनिष्ठ अधिकारी होतो. घोटाळा उघड करणारी पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिलला छापून आली, आणि त्यानंतरचे तीन महिने आमच्या विभागाने कागदाला कागद जुळवण्यापलीकडे दुसरे काही केले नाही. आमच्या बँकेचे फारसे काही अडकलेले नव्हते, पण ‘फारसे नव्हते’ हे कळायलाच तीन महिने लागले. त्यामुळे मनाचा ओढा हर्षदच्या मालिकेकडे असणे स्वाभाविक होते, आणि सुरुवातीचे तीन-चार भाग पाहताना तो तसा होताही. नंतर काय झाले ते पुढे येईलच.

‘स्कॅम १९९२’चे सर्वांत मोठे सामर्थ्य असे, की घोटाळा कशात होता हे सांगायला ती लाजत नाही. सरकारी रोख्यांचा व्यवहार हा पडद्यावर दाखवण्याजोगा विषय नव्हे. त्यात ना पिस्तूल, ना पाठलाग. त्या काळी बँकांना आपल्या ठेवींच्या साडेअडतीस टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी रोख्यांत ठेवावी लागे. कुणाकडे रोखे जास्त, कुणाकडे कमी, आणि दर पंधरवड्याच्या रिपोर्टिंग फ्रायडेला, म्हणजे रिझर्व्ह बँकेला हिशेब कळवायच्या शुक्रवारी, आकडा जुळलेला दाखवायचा, म्हणून एक बँक दुसरीकडून थोड्या दिवसांसाठी रोखे घेई आणि परत देई. याला आम्ही रेडी फॉरवर्ड म्हणत असू. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात नोंदी हाताने होत आणि त्यांना वेळ लागे, म्हणून तोवर रोख्यांच्या जागी एक पावती फिरे, तिचे नाव बँक रिसीट. दोन बँकांच्या मध्ये दलाल. कालांतराने दलाल इतका विश्वासू झाला की बँकेच्या नावाने काढलेला धनादेश त्याच्या खात्यात जमा होऊ लागला, आणि रोख्यांऐवजी नुसती पावती पुरू लागली. तो पैसा शेअर बाजारात गेला. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर दोनशेच्या आसपास होता तो नऊ हजारांच्या घरात पोहोचला, त्याच्या मुळाशी ही पावती होती. मालिकेने ही साखळी दोन-तीन प्रसंगांत बऱ्यापैकी नेटकी मांडली आहे. एका घाबरलेल्या स्टेट बँक कर्मचाऱ्याला वर्तमानपत्राच्या कचेरीत आणून गोष्ट सुरू करणे हेही योग्य झाले. ज्याच्या टेबलावरून कागद हरवला त्याच्याच तोंडून पहिला शब्द निघतो.

आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदवायला हवी. हर्षद एकटा नव्हता, परदेशी बँकांनीही हाच खेळ खेळला आणि पकडला गेल्यावर कानांवर हात ठेवले, हे ती आडपडदा न ठेवता सांगते. सिटी बँकेपासून नॅशनल हाउसिंग बँकेपर्यंत संस्थांची नावे उच्चारली जातात. आपल्याकडच्या मालिकांत ‘एक मोठी बँक’, ‘एक मोठे मंत्री’ असे मोघम बोलण्याची इतकी सवय झालेली आहे की नुसती खरी नावे ऐकूनही बरे वाटते.

इथपर्यंत सगळे ठीक होते. माझे बिनसले ते त्या धुनेपाशी.

अचिंत ठक्कर यांनी रचलेली ती शीर्षकधून उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. उत्तम आहे म्हणूनच तिचा त्रास झाला. हर्षद गाडीतून उतरला, जिना चढला, शेअर बाजाराच्या रिंगणात शिरला, कुणाला तोडीस तोड उत्तर दिले, की धून वाजते आणि आपले पाय आपोआप ताल धरतात. पहिल्यांदा पाहताना मीही धरला. दुसऱ्यांदा पाहताना मात्र वही घेऊन बसलो होतो. (निवृत्त माणसाला असले उद्योग सुचतात.) धून केव्हा वाजते आणि केव्हा वाजत नाही याच्या खुणा करत गेलो. मी काही संगीताचा जाणकार नाही आणि माझी वही म्हणजे पुरावा नव्हे, पण माझ्या नोंदींप्रमाणे ती वाजते तेव्हा बहुतेक वेळा कुणाचा तरी पैसा कुठून तरी विनापरवाना हललेला असतो. ज्या बँकेतून पैसा गेला तिथला अधिकारी दिसतो तेव्हा ती वाजत नाही. तो घाम पुसत असतो आणि विनोदी दिसतो. मी त्या काळात त्याच खुर्चीवर बसत होतो, म्हणून मला ते जरा अधिक लागले असेल, हे कबूल.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. वय सव्वीस, वाणिज्य शाखेचा पदवीधर, हुशार मुलगा. ‘स्कॅम १९९२’ त्याने तीन रात्रींत संपवली आणि ती धून फोनची रिंगटोन करून टाकली. दोन महिन्यांनी घरी आला तेव्हा शेअर बाजारात ऑप्शन्सचे जोखमीचे सौदे करत होता, आणि मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे त्यात घालून बसला होता. मी त्याला सहज विचारले, की बाबा रे, तू मालिका पाहिलीस, तर हर्षदने नेमके केले काय ते मला पाच वाक्यांत सांग. त्याने वरळीचे समुद्रासमोरचे घर सांगितले, लेक्सस गाडी सांगितली, बाजारातल्या जुन्या खेळाडूंना त्याने कसे लोळवले ते सांगितले, आणि मग म्हणाला, “मामा, सिस्टीममध्ये होल होते, त्याने वापरले.” बँक रिसीट हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. ज्या मालिकेने तो शब्द समजावण्यासाठी इतका खटाटोप केला, तिच्या पोटात शिरून आलेल्या मुलाच्या हाती ‘भोक’ तेवढे उरले होते. मोटारसायकलचे पैसे गेले ते मी मालिकेच्या माथी मारत नाही. ते त्याचे त्याने घालवले. पण एखादी मालिका संपल्यावर प्रेक्षकाच्या डोक्यात शेवटी काय उरते, एवढेच जर आपण मोजणार असू, तर माझ्या घरातले मोजमाप हे असे आहे.

मूळ पुस्तक सुचेता दलाल आणि देवाशिष बसू यांचे आहे, आणि कोण जिंकले, कोण हरले, कोण निसटले, असे तीन प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावरच आहेत. मालिकेच्या पूर्ण नावात (‘स्कॅम १९९२ : द हर्षद मेहता स्टोरी’) ते तीन प्रश्न जाऊन एका माणसाचे नाव आले. कोण हरले या प्रश्नाचे उत्तर कराडमध्ये मिळाले असते. खोट्या पावत्या ज्या छोट्या बँकांच्या नावाने निघाल्या त्यांत बँक ऑफ कराड होती. त्या पावत्या वापरणारे दलाल दुसरे होते, पण व्यवहाराची तऱ्हा तीच. त्याच वर्षी ती बँक अवसायनात निघाली. तिच्या दारात उभा राहिलेला सातारा जिल्ह्यातला खातेदार या दहा भागांत माझ्या लक्षात राहावा असा कुठे दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने चार हजार कोटींच्या आसपासची तूट शोधून काढली. तो आकडा मालिकेत येतो, पण तो कुणाच्या खिशातून आला ते कळत नाही.

आता तेलगी.

‘स्कॅम २००३’ मी काहीशा नाराजीनेच लावली होती. पहिल्या यशाची पुनरावृत्ती करायला निघालेल्या गोष्टी सहसा फिक्या पडतात, आणि ही तशी काही ठिकाणी पडलीही आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत माझ्या लक्षात आले, की हिच्यात मला टेबले दिसत आहेत. अब्दुल करीम तेलगी हा आपल्या सीमेवरच्या खानापूरचा. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर हा गाडीत फळे विकून शिकला. मुंबईत येऊन त्याने जे केले त्यात बुद्धीची चमक फारशी नाही, टेबल ओळखण्याची हातोटी आहे. त्या काळी मुद्रांक कागद नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जाई, तिथून रेल्वेने निघे, कोषागारात पोहोचे, परवानाधारक विक्रेत्याकडे येई, आणि बँका, विमा कंपन्या, दलाली पेढ्या तो गठ्ठ्याने विकत घेत. या प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसलेला आहे आणि त्याच्या घरी लग्न, आजारपण किंवा घराचा हप्ता आहे. तेलगी त्या माणसासमोर बसतो, आपुलकीने विचारपूस करतो, आणि पाकीट ठेवतो. मोडीत काढलेली यंत्रे प्रेसमधून बाहेर पडतात तीसुद्धा कागदोपत्री रीतसर लिलाव होऊन! मी चौतीस वर्षे कचेरीत काढली. लाच ही अशीच दिली जाते, हळू आवाजात, चहा संपायच्या आत. ती देताना मागे कुणी ढोल वाजवत नाही. पार्श्वसंगीत या मालिकेतही आहेच, पण पोट सुटलेला, सतत खाणारा, जरा ओशाळे हसणारा हा माणूस चालत येताना पाहून कुणी ताल धरेल असे मला वाटत नाही.

टेबलांची ही परंपरा आपल्या दूरचित्रवाणीला नवी नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकर यांची ‘रजनी’ लागायची तेव्हा आमच्या चाळीत रविवारी पाणी भरायचे थांबत असे. रजनीची लढाई गॅसवाल्याशी, टॅक्सीवाल्याशी, कारकुनाशी होती. २००१ मध्ये पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल ‘ऑफिस ऑफिस’मध्ये एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चेंडूसारखा टोलवला गेला. रक्कम दोन-पाचशे रुपयांची, पण त्या मालिका पाहताना पाहणारा रजनीच्या किंवा मुसद्दीलालच्या जागी असे. मधल्या वीस वर्षांत आकडे हजारो कोटींवर गेले, आणि पाहणारा नकळत टेबलाच्या पलीकडे, पैसे घेणाऱ्याच्या किंवा देणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला. ‘स्कॅम १९९२’ त्याला त्या खुर्चीत आरामात बसू देते. ‘स्कॅम २००३’ही बसवते, पण खुर्चीचा एक पाय लंगडा ठेवते.

राजकारणाच्या चित्रणात तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि भ्रष्टाचाराचे नाट्य म्हणून पाहायचे असेल तर निर्णय इथेच व्हावा. हर्षदच्या गोष्टीत राजकारण शेवटी येते, आणि येते ते सुटकेसच्या रूपाने. जून १९९३ मध्ये वकील राम जेठमलानी यांना बाजूला बसवून हर्षदने पत्रकार परिषद घेतली आणि तत्कालीन पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा दावा केला. राव यांनी तो फेटाळला, आणि आरोप सिद्ध झाला नाही. मालिकेने हा प्रसंग मोठ्या तयारीने उभा केला आहे. एवढी रक्कम एका सुटकेसमध्ये मावते का, ही त्या वेळची चर्चाही आम्हा सर्वांना आठवते, कारण आमच्या कॅशियरने ती दुपारच्या डब्याच्या वेळी प्रत्यक्ष हिशेब करून दाखवली होती. पण नाट्य म्हणून पाहिले तर राजकारण इथे बाहेरून येते, जणू बाजारातला खेळ निकोप होता आणि शेवटी दिल्लीने तो नासवला. तेलगीच्या गोष्टीत राजकारण पहिल्या पायरीवर उभे आहे, परवान्याच्या रूपाने. मुद्रांकविक्रीचा परवाना मिळाल्याशिवाय पुढची एकही पायरी चढता येत नाही, आणि परवाना ज्याच्या सहीने मिळतो त्याला सुटकेस लागत नाही. त्याला निवडणूक आली की गाड्या, बॅनर, जेवणावळी लागतात. आपल्या तालुक्यात राजकारण आणि पैसा यांची गाठ कशी पडते हे ज्याने पाहिले आहे त्याला दुसरे चित्र अधिक ओळखीचे वाटेल, असा माझा अंदाज आहे.

मात्र याच जागी ‘स्कॅम २००३’ची खरी उणीवही आहे, आणि ती झाकणे बरोबर होणार नाही. पहिल्या मालिकेने संस्थांची आणि माणसांची नावे घेण्याचे जे धैर्य दाखवले ते दुसरीत राजकारण्यांची वेळ आली की गळून पडते. नावे बदलली आहेत, पक्ष धूसर आहेत. परिणाम असा होतो की प्रेक्षक ‘हा म्हणजे तो ना?’ असा खेळ खेळत बसतो. आमच्या घरी मी आणि माझे मेहुणे एक पूर्ण भाग याच वादात घालवून बसलो, आणि त्या भागात घडले काय ते दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींकडून ऐकावे लागले. वकिलांचा सल्ला असणार, निर्मात्यांची अडचण मला कळते. तेलगीच्या नार्को चाचणीत, म्हणजे गुंगीचे औषध देऊन केलेल्या चौकशीत, नावे निघाली होती आणि ती पुढे वाहिन्यांवरही दिसली, पण असल्या बोलण्याला पुरावा म्हणून कितीशी किंमत, हा प्रश्न तेव्हापासूनच होता. २०१० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करताच येणार नाही असे सांगितले. तेव्हा नावे घ्यायला आधार कुठला, असे कुणी विचारील. ते मान्य. तरी खटकते ते खटकतेच.

दुसरी उणीव डान्सबारची. एका रात्रीत लाखो रुपये उधळल्याची जी कथा तेलगीच्या नावावर सांगितली जाते ती मालिकेने हौसेने रंगवली आहे, आणि तिथे मला वाटले की हीही आता धुनेच्या वाटेला लागणार. सुदैवाने लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दुसरा अर्धा भाग सैल आहे. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा पहिल्या अर्ध्यातली कारकुनांची नावे मी विसरलो होतो, आणि गोष्ट कचेऱ्यांतून निघून तुरुंग, पोलीस आणि कोर्ट यांच्या फेऱ्यांत सापडते. आता दोन्ही अर्धे एकत्र उपलब्ध आहेत, त्यामुळे नव्याने पाहणाऱ्याला विसरण्याचा त्रास व्हायचा नाही. सुचेता दलाल यांच्यासारखे, कागद वाचून घोटाळा उलगडणारे समर्थ पात्रही इथे नाही. ही मालिका संजय सिंह या दूरचित्रवाणी पत्रकाराच्या हिंदी पुस्तकावर बेतलेली आहे, आणि अर्थविषयक वार्ताहर व गुन्हेविषयक वार्ताहर यांच्या नजरेत जो फरक असतो तो दोन्ही मालिकांत जाणवतो. आकड्यांबाबतही तेच. १९९२चा आकडा हा समितीने हिशेब तपासून काढलेला आहे. तेलगीच्या नावापुढे सर्रास लावले जाणारे तीस हजार कोटी हा लोकांच्या तोंडी बसलेला अंदाज आहे, त्याला ताळेबंद म्हणता येणार नाही, आणि मालिकेने तो जपून वापरायला हवा होता, असे आपले माझ्यासारख्या बँकवाल्याला वाटते. भरत जाधव, नंदू माधव, शशांक केतकर अशी आपली मंडळी पडद्यावर दिसतात, त्यामुळे मराठी कानाला संवाद जवळचे वाटतात. ही जमेची बाजू, पण निर्णय त्यावर ठरू नये.

इतक्या उणिवा सांगूनही माझे माप तिकडे झुकते, आणि त्याला घरातल्या लोखंडी कपाटाचाही थोडा हातभार आहे. १९९८ मध्ये आम्ही उपनगरात दोन खोल्यांची जागा घेतली. करारनाम्यासाठी मुद्रांक कागद आणायला गेलो तर कोषागाराबाहेरच्या विक्रेत्याकडे हवा तो कागद नाही. दोन दिवस हेलपाटे घातले. तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या दस्तलेखकाने “साहेब, थोडे वर द्या, संध्याकाळपर्यंत आणून देतो,” असे सांगितले, आणि मी वर दिले. बँकेत कागदाची इतकी शिस्त पाळणारा मी, पण कागद कुठून आला हे विचारले नाही. घर मिळत होते. २००३ मध्ये बातम्या येऊ लागल्या तेव्हा आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाने आपापला करारनामा काढून उजेडासमोर धरला. कुणालाच काही कळले नाही, आणि कचेरीत जाऊन विचारण्याचे धाडस कुणी केले नाही, कारण खोटा निघाला तर शुल्क पुन्हा भरावे लागेल ही भीती. मालिकेत तेलगी आधी टंचाई निर्माण करतो आणि मग ती भागवतो, तो भाग पाहताना मी चित्र थांबवले आणि दस्त पुन्हा काढून पाहिला. पंचवीस वर्षांत कडा पिवळ्या पडल्या आहेत, त्यापलीकडे मला आजही काही सांगता येत नाही. त्याने छापलेला कागद माझ्याकडे आहे की नाही कोण जाणे, पण ‘थोडे वर’ दिलेले पैसे माझे होते. हर्षदची मालिका पाहताना मला असे कुठेही थांबावे लागले नाही.

भाच्याची परीक्षा तेलगीनंतरही घेतली, हे सांगायचे राहिले. तो ती मालिका पूर्ण पाहायला तयार नव्हता. “मामा, स्लो आहे,” म्हणाला. पहिला अर्धा भाग पाहून झाल्यावर तोच प्रश्न विचारला. त्याने सांगितले : कागदाची टंचाई केली, परवाना मिळवला, प्रेसमधून यंत्र काढले, खरा कागद वाटेत पळवून खोटा घुसवला, आणि मोठ्या कंपन्यांना गठ्ठ्याने विकला. पाच मुद्दे, क्रमाने. शेवटी म्हणाला, “पण कंपन्यांना कळलं कसं नाही?” हा प्रश्न त्याला हर्षदच्या वेळी पडला नव्हता. एका मुलावरून निष्कर्ष काढू नये हे खरे. शिवाय तेलगीची युक्ती मुळातच समजायला सोपी आहे, बँक रिसीट तशी नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे.

ज्यांना निव्वळ राजकारणच पाहायचे आहे त्यांनी या दोन्हींच्या भानगडीत न पडता नागेश कुकुनूर यांची ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ पाहावी. अतुल कुलकर्णी आणि प्रिया बापट यांनी रंगवलेले गायकवाड घराणे काल्पनिक आहे, त्यामुळे नावांचा खेळ खेळायची सोय नाही. पण तिथे भ्रष्टाचार हा वारसाहक्काच्या भांडणाला जळण म्हणून येतो, त्याची यंत्रणा दिसत नाही. म्हणून मी तिला या तुलनेत धरले नाही.

तेव्हा सल्ला असा. बाजाराशी ज्यांचा धंद्याने संबंध आहे, किंवा १९९२ नंतर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला दात का आले, नवा राष्ट्रीय शेअर बाजार आणि शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणारी डिमॅट खाती कुठल्या भीतीतून जन्मली, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांना ‘स्कॅम १९९२’ टाळता येणार नाही, आणि नुसती कलाकृती म्हणूनही ती अधिक घट्ट विणीची आहे, हे मी नाकारत नाही. पण भ्रष्टाचार आपल्या आसपास कसा वावरतो हे पाहण्याची इच्छा असेल, आणि खरोखरच एकीलाच वेळ असेल, तर मी तेलगीच्या मालिकेचे पहिले पाच भाग सुचवीन; उरलेले पाच जमले तर. घरात वीस-पंचवीस वयाचे कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसून पाहावे. आणि एवढे वाचूनही हर्षदकडेच मन ओढत असेल, तर खुशाल पाहा, मीही दोनदा पाहिलीच की. फक्त रिमोट हाताशी ठेवा, आणि तो जिना चढू लागला की आवाज थोडा कमी करून पाहा.